केहीमकरांचा ग्रंथ आणि आडनांवाची साक्ष

मराठींत कुलवृत्तांतांचें भांडार मोठें आहे. परंतु या ग्रंथांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची तसदी आमच्या टीकाकारांनीं सहसा घेतलेली नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अनेक घराण्यांतील मंडळींनीं गांवोगांव हिंडून, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळून आणि भाऊबंदांना पत्रांवर पत्रें पाठवून आपापल्या कुळांचीं वृत्तें गोळा केलीं. या ग्रंथांची घडण ठरलेली असते. आरंभीं कुलदैवताचें चित्र, मग गोत्र, प्रवर आणि मूळ गांव, त्यानंतर शाखोपशाखांची फोड, घडी घालून शिवलेले वंशवृक्ष, आणि अखेरीस साहाय्यकर्त्यांची यादी. संशोधक त्यांतून आपणांस हवी ती मिति उचलतो, घरचा मनुष्य आपलें नांव शोधून समाधान पावतो, आणि ग्रंथ पुन्हां कपाटांत जातो. असा ग्रंथ पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत कोणी वाचीत असेल, असें मला वाटत नाहीं.

ही उपेक्षा अनाठायीं आहे. कुलवृत्तांत लिहिणारा केवळ नांवांची टिपणी करीत नसतो. तो एक कथा सांगत असतो. ‘आम्ही मूळचे येथले नव्हे, अमुक पुरुष अमुक ठिकाणाहून प्रथम आला, त्यावरून आम्हांस हें नांव पडलें,’ असा त्या कथेचा सांगाडा असतो. कथा म्हटली कीं निवड आली, मांडणी आली, आणि जें सांगावयाचें नाहीं तें झांकण्याची हातोटीहि आली. जेथें या गोष्टी आल्या तेथें टीकाकाराचा अधिकार आपोआप पोहोंचतो. आगमनाची कथा आणि आडनांवाची साक्ष या दोन खांबांवर कुलवृत्तांताची इमारत उभी असते. ते खांब कितपत भार सोसतात हें पाहण्यासाठीं मीं येथें मुद्दाम एक आडवाटेचा ग्रंथ घेतला आहे. तो मराठी माणसानें लिहिला, पण इंग्रजींत लिहिला; आणि त्याचा विषय एक घराणें नसून एक अख्खा समाज आहे. तरीहि कुलवृत्तांताचे सारे गुणदोष त्यांत असे उघड दिसतात कीं, त्याच्या निमित्तानें या प्रकाराविषयींच चार शब्द बोलतां यावे.

हा ग्रंथ म्हणजे हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा हिंदुस्थानांतील बेने इस्राएलांचा इतिहास. तो १८९७ सालीं लिहून झाला आणि छापला गेला १९३७ सालीं, तोहि तेल अवीव येथें, इमॅन्युएल ओल्स्वांगर यांच्या संपादकत्वाखालीं. मधलीं चाळीस वर्षें हस्तलिखित तसेंच राहिलें, आणि १८३० सालीं जन्मलेल्या ग्रंथकर्त्यास आपलें पुस्तक छापील रूपांत पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. बेने इस्राएल म्हणजे कुलाबा जिल्ह्याच्या, आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावर शतकानुशतकें राहिलेला मराठीभाषी ज्यू समाज. तेलाचा घाणा हा त्यांचा पिढीजाद धंदा. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकापासून यांतील पुष्कळ कुटुंबें मुंबईस आलीं. कोणी कंपनीच्या पलटणींत शिरले, कोणी कारागिरींत, कोणी कचेऱ्यांत. केहीमकरांनीं १८७५ सालीं या समाजांतील मुलांसाठीं मुंबईंत शाळा काढली, आणि तिच्यासाठीं परदेशस्थ धर्मबंधूंकडे त्यांस वारंवार मदत मागावी लागली.

हा तपशील मीं देतों तो चरित्राच्या हौसेनें नव्हे. ग्रंथाचा सूर त्यावरून उमगतो. मदत मागणाऱ्यास ‘तुम्ही आमचेच कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर द्यावें लागतें. मुंबईंत बगदादकडून आलेले ज्यू व्यापारी याच सुमारास श्रीमंत व वजनदार झाले होते, आणि कोंकणांतील या तेल्यांच्या शुद्धतेविषयीं त्यांच्या मनांत किंतु होता. केहीमकरांचा वाचक त्यामुळें अलिबागेस किंवा पनवेलीस बसलेला नव्हता. तो लंडनांत होता, आणि मुंबईंतील बगदादी पेढ्यांवर होता. अशा वाचकासाठीं लिहिलेला इतिहास ही वस्तुतः एक कैफियत असते. पेशवाईंत वतनाचा तंटा पडला म्हणजे पक्षकार आपल्या मूळपुरुषापासूनची हकीकत लिहून देई. तिच्यांत खरेपणा नसे असें नाहीं. पण प्रत्येक वाक्य निवाड्याकडे तोंड करून उभें असे. केहीमकरांचें गद्य वाचतांना त्या कैफियतींची आठवण पुनःपुन्हां होते.

कैफियतीचा पहिला मुद्दा आगमनाचा. परंपरा सांगते कीं, कोणे एके काळीं पश्चिमेकडून निघालेलें एक तारूं चौल बंदराच्या उत्तरेस, नवगांवाजवळ, खडकांवर आपटून फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढींच माणसें जिवंत किनाऱ्यास लागलीं. बाकीच्यांचीं प्रेतें नवगांवांतच पुरण्यांत आलीं. पोथ्या समुद्रांत गेल्या. उरलें तें ‘शमा इस्राएल’ हें प्रार्थनेचें एक वचन, सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे कांहीं नियम. मराठी वाचकास ही गोष्ट ऐकतांच दुसरी एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. सह्याद्रिखंडांत, ज्याची छापील आवृत्ति गर्सन द कुन्हा यांनीं १८७७ सालीं मुंबईंत काढली, चित्पावनांच्या उत्पत्तीची कथा आहे: समुद्रानें किनाऱ्यावर आणून टाकलेलीं चौदा प्रेतें परशुरामानें चितेवर पावन केलीं आणि त्यांपासून ही ज्ञाति झाली. इकडे सात अधिक सात, तिकडे चौदा. तिकडे त्या चौदांवरून चौदा गोत्रें. समुद्र, मृत्यु आणि नवा जन्म हीं तिन्ही दोन्हीकडे आहेत.

या साम्यावरून दोन्ही समाज एकाच गलबतांतून आले, असें अनुमान काढणारे लोक आहेत. तें अनुमान मला मुळींच पटत नाहीं. चौदा ही संख्या इतिहासाची नसून कथनाची आहे. फार थोडे नव्हेत आणि फार पुष्कळ नव्हेत, जोड्या लागतील आणि कुळें मोजतां येतील, एवढीच तिची कामगिरी. शिवाय दोन कथांतील मुख्य भेद साम्यापेक्षां अधिक बोलका आहे. चित्पावनांची कथा जेथें आढळते तेथें ती त्यांच्या गौरवासाठीं सांगितलेली दिसत नाहीं. प्रेतांपासून झालेली ज्ञाति हें वर्णन कोणी स्वतःविषयीं हौसेनें करीत नाहीं. म्हणूनच पुढें ‘चितेनें पावन’ ही व्युत्पत्ति मागें सारून ‘चित्त ज्यांचें पावन’ ही दुसरी पुढें आणण्यांत आली. बेने इस्राएलांची कथा मात्र त्यांनीं स्वतः सांगितलेली आहे, आणि तिच्यांत मेलेले मेलेलेच राहतात. वंश चालतो तो वांचलेल्यांचा. सात पुरुषांबरोबर सात स्त्रियाहि वांचविण्याची काळजी कथेनें घेतली आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्या सात स्त्रियांवर सगळ्या कैफियतीचा भार आहे.

दुसरा मुद्दा काळाचा. केहीमकर हें आगमन ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास, म्हणजे अँटायोकस एपिफेनीस राजाच्या जुलमाच्या काळांत, नेऊन बसवितात. या मताच्या बाजूनें एक आधार असा दिला जातो कीं, ख्रिस्तपूर्व १६४ मध्यें यरुशलेमचें मंदिर पुन्हां शुद्ध केलें गेलें त्याचा हनुक्का नांवाचा उत्सव या समाजास ठाऊक नव्हता. ज्याअर्थीं उत्सव ठाऊक नाहीं त्याअर्थीं पूर्वज त्यापूर्वींच निघाले असले पाहिजेत. युक्तिवाद सुबक आहे. पण ज्या समाजाची भाषा गेली, पोथ्या गेल्या आणि बहुतेक प्रार्थना गेल्या, त्याचा एखादा सण गेला असेल ही शक्यता त्यांत कोठेंच विचारांत घेतलेली नाहीं. नसलेल्या गोष्टीवरून काळ ठरविणें म्हणजे रिकाम्या कोनाड्यावरून मूर्ति कोणती होती तें सांगणें. विद्वत्तेची कमतरता हें याचें कारण नव्हे. प्राचीनता जितकी अधिक तितकी शंका कमी, हा कैफियत लिहिणाराचा हिशेब येथें आड आला. आमच्या कुलवृत्तांतांतूनहि शिलालेखांतील एखादें अर्धवट नांव आपल्या मूळपुरुषाचें ठरविण्याची जी घाई दिसते तिच्या मुळाशीं हाच हिशेब असतो.

आतां आडनांवाकडे वळूं. ग्रंथकर्त्याचें आडनांवच येथें उत्तम उदाहरण आहे. केहीम म्हणजे अलिबागेजवळचें किहीम. या समाजांत अशीं गांवांवरून पडलेलीं आडनांवें शंभराहून अधिक आहेत: नवगांवकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. नकाशा घेऊन बसलें तर या आडनांवांनीं जुन्या कुलाबा जिल्ह्याचा किनारा आणि खाड्यांकांठचा मुलूख जवळजवळ भरून निघतो. म्हणून पुष्कळांस वाटतें कीं, आडनांव म्हणजे मुळाचा पुरावा. परंतु ‘कर’ हा प्रत्यय नीट तपासून पाहावा. स्वतःच्या गांवांत कोणी त्या गांवचा ‘कर’ म्हणून ओळखला जात नाहीं. किहीमांत सगळेच किहीमचे. तेथें ‘केहीमकर’ म्हणून हांक मारली तर अर्धा गांव वळून पाहील. मनुष्य गांव सोडून परक्या ठिकाणीं गेला म्हणजे तेथले लोक त्याला ‘कोठला?’ म्हणून विचारतात, आणि त्यानें दिलेलें उत्तर पुढें त्याच्या नातवंडांचें आडनांव होऊन बसतें. वतनदार घराण्यांत याला अपवाद सांपडतील. पण सामान्य नियम हाच. मुंबईस येऊन सिनेगॉगची वर्गणी लिहितांना, पलटणीच्या हजेरीपटावर नांव चढवितांना, एका दाविदापासून दुसरा दावीद निराळा ओळखूं यावा म्हणून गांव जोडलें गेलें असावें, असें मानणें स्वाभाविक आहे.

याचा अर्थ असा कीं, ‘कर’ हें आडनांव शेवटच्या प्रस्थानाची साक्ष देतें, पहिल्या प्रस्थानाची नव्हे. समुद्रापलीकडला देश त्यांत उमटत नाहीं. उमटतें तें खाडीअलीकडचें खेडें. आणखी असें कीं, तें आडनांव कोणा एकाच्या मालकीचें नसतें. दिवेकर चित्पावनांत आहेत आणि बेने इस्राएलांतहि आहेत. दोघेंहि सारख्याच खरेपणानें दिवेकर आहेत, कारण गांवानें नांव देतांना कोणाचें गोत्र विचारलें नाहीं. जीं आडनांवें गांवावरून नाहींत त्यांची साक्ष तर याहून अलीकडची. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे भट. १७१३ सालीं पद मिळालें आणि पुढें घराणें पेशवे झालें. वेळासच्या भानूंना फडणिशी मिळाली, त्यांचें भानु हें नांव मागें पडलें, आणि आज ‘नाना भानु’ म्हटलें तर कोण ओळखील? कुळाचा शोध घेणारानें आडनांवाला वाटाड्या करावें, पण साक्षीदार म्हणून त्याला पिंजऱ्यांत उभें करण्यापूर्वीं तो किती वर्षांचा आहे हें विचारून घ्यावें.

मग केहीमकरांच्या ग्रंथांत भरवशाचा पुरावा आहे कोठें? माझ्या मतें तो आहे त्यांनीं साधेपणानें नोंदलेल्या चालीरीतींत. या समाजाच्या सणांचीं जुनीं नांवें पाहा. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून घरांत राहावयाचें, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. मंदिराच्या नाशाचा शोक पाळून उपास सोडतांना वालांचें बिरडें खावयाचें, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. हिब्रू नांवें पार विसरलीं आणि दिवस मात्र राहिले. यांतील ‘सण’ आणि ‘रोजा’ हे दोन शब्दसुद्धां सारख्या वयाचे नव्हेत. कोंकणांत मुसलमानी अंमल आणि बोली रुळल्यानंतरच एखाद्या उपासाला रोजा हें नांव पडूं शकतें. म्हणजे नांवांच्या या यादींत भूस्तरांसारखे थर आहेत आणि ते वाचतां येतात. माणसांच्या नांवांचेंहि तेंच. मुंबईंत १७९६ सालीं या समाजाचें पहिलें सिनेगॉग बांधणारे, टिपूच्या कैदेंतून सुटून आलेले कंपनीचे अंमलदार सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे घरीं समाजी हसाजी होते. बायबलांतल्या दोन प्रवक्त्यांस मराठी मातीनें ‘जी’ लावून आपलेसें केलें. परकेपणा आणि आपलेपणा एकाच नांवांत इतक्या सुखानें नांदत असल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं. केहीमकर वकिली करीत नाहींत आणि नुसतें सांगतात, तेव्हां ते असे निर्विवाद होतात.

या परंपरेंत आणखी एक कथा आहे. डेव्हिड राहाबी नांवाचा परदेशी ज्यू कोंकणांत आला. हे तेली आपले धर्मबंधु असावेत असा त्याला संशय आला. त्यानें येथल्या बायकांपुढें सरमिसळ मासे ठेवले आणि रांधावयास सांगितलें. बायकांनीं पर आणि खवलें असलेले मासे तेवढे वेचून घेतले आणि बाकीचे बाजूस सारले. राहाबीची खात्री पटली. त्यानें कांहीं जणांस धर्मशिक्षण दिलें आणि त्यांच्याकडे काझीपण आलें. राहाबी केव्हां आला याविषयीं परंपरा आणि पंडित यांच्यांत कित्येक शतकांचें अंतर आहे. पण कथेचा आशय पाहा. समाजाची ओळख पटली ती पुरुषांच्या आडनांवावरून नव्हे, वंशावळीवरून नव्हे. बायकांच्या हातांवरून पटली.

आतां सर्वांत दुखऱ्या जागेकडे येणें प्राप्त आहे. या समाजांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. शब्द रंगाचे, पण भेद जन्माचा. ज्यांचीं आईबाप दोन्हीं बेने इस्राएल ते गोरे. बेने इस्राएल पित्यास परसमाजांतील स्त्रीपासून झालेली संतति ती काळी. दोहोंमध्यें रोटीबेटीव्यवहार नसे. बगदादी ज्यू ज्या तराजूनें बेने इस्राएलांस जोखीत होते, तोच तराजू घेऊन बेने इस्राएल आपल्यांतल्याच कांहीं कुटुंबांस जोखीत होते. कोंकणांतल्या जातिव्यवस्थेचा हा संसर्ग म्हणावा कीं स्वतःवर आलेल्या शंकेचें हें उत्तर म्हणावें, याचा निर्णय सोपा नाहीं. बहुधा दोन्ही खरें.

२०१६ सालीं या समाजाचा एक जनुकशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, बेने इस्राएलांत मध्यपूर्वेंतील ज्यूंचा अंश निःसंशय आहे आणि भारतीय अंशहि मोठा आहे. हें मिश्रण सुमारें एकोणीस ते तेहतीस पिढ्यांपूर्वींचें आहे. आणि ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून, तर भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला आहे. मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, हें येथें विसरतां कामा नये. तरी केहीमकरांनीं सांगितलेल्या काळाला या अभ्यासांत आधार सांपडत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्यांची मूळ कैफियत, कीं आम्ही खरोखर समुद्रापलीकडून आलेल्या इस्राएलांचे वंशज आहों, ती मात्र सिद्ध झाली. खोटा ठरला तो गोऱ्याकाळ्याचा भेद. ज्या स्त्रीमुळें एखादें घर काळें ठरत होतें तशा स्त्रिया गोऱ्यांच्या वंशांतहि होत्याच. फक्त त्या इतक्या मागें होत्या कीं, त्यांची आठवण बुजली होती. नवगांवच्या किनाऱ्यावर कथेनें सात पुरुषांबरोबर सात स्त्रिया वांचविल्या त्या कशासाठीं, हें आतां ध्यानांत येतें. आगर कसणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, घाण्यावर राबणाऱ्या कोंकणी घरांतल्या मुली या कुटुंबांत आल्या, शनिवार पाळूं लागल्या, खवल्यांचे मासे निवडावयास शिकल्या आणि आपल्या मुलींस शिकवूं लागल्या. राहाबीपुढें परीक्षा उतरल्या त्या बहुधा त्यांच्याच नाती-पणत्या. वंशानें त्या इस्राएल नसतील. पण इस्राएलपण त्यांनीं जपलें, आणि त्यांचें नांव कोठेंहि नाहीं.

वंशावळीचा हा वाद केवळ पंडिती नव्हता. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलांत गेलीं. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींस असें फर्मावलें कीं, बेने इस्राएल वधूवरांच्या बाबतींत आई, आईची आई, आणि त्यामागें जातां येईल तितकें मागें जाऊन त्या ज्यू होत्या कीं नाहीं याची चौकशी करावी. ज्या लोकांनीं शतकानुशतकें शनिवार मोडला नाहीं त्यांस लग्नाच्या दारांत उभें करून आजीचीं आणि पणजीचीं नांवें विचारण्यांत येऊं लागलीं. समाजानें निदर्शनें केलीं, उपोषणें केलीं. १९६४ सालीं तेथील संसदेनें हे लोक सर्वार्थानें ज्यू आहेत असा ठराव केला, आणि धर्मपीठानें आपल्या फर्मानांतून त्यांचें नांव काढून टाकलें. या प्रसंगाकडे टीकाकार म्हणून पाहतांना मला एक गोष्ट फार बोंचते. चौकशी आईच्या बाजूची होती. ‘केहीमकर’, ‘दिवेकर’, ‘पेणकर’ हीं सारीं आडनांवें बापाच्या बाजूचीं. ज्या पुराव्याची गरज पडली तो ठेवण्याची चाल कोणाचीच नव्हती.

आमची तरी कोठें आहे? आमच्या कुलवृत्तांतांत पत्नीचें सासरचें नांव, माहेरचें नांव आणि तिच्या पित्याचें नांव बहुधा दिलेलें असतें. तेथें तिचा इतिहास संपतो. दहा पिढ्यांपूर्वींचा मूळपुरुष म्हणजे माझ्या एक हजार चोवीस पूर्वजांपैकीं एक. त्या एकाचा वृक्ष मी घडी उलगडून दाखवितों आणि त्याला ‘आमचें कुळ’ म्हणतों. उरलेल्यांत कोण कोणत्या किनाऱ्याला लागलें आणि कोणाला घरांत घेतांना कोणी काय झांकलें, याविषयीं ग्रंथ मूक आहे. आपला वंश निर्भेळ आहे असें जो ग्रंथ सांगतो तो एवढेंच सांगत असतो कीं, त्यानें एकाच बाजूनें पाहिलें.

तर मग केहीमकरांच्या ग्रंथाचा निवाडा काय करावा? काळाविषयींचें त्यांचें मत टिकत नाहीं, आणि शुद्धतेविषयींचा आग्रह त्याहून कमी टिकतो. तरी हा ग्रंथ मी मोठा मानतों. एका लहान समाजाच्या शाळाचालकानें, कोणाच्या राजाश्रयावांचून, आपल्या लोकांच्या सणांचीं, जेवणांचीं, लग्नांचीं आणि गांवांचीं नांवें तीं बुजण्याच्या आंत लिहून ठेवलीं. आज भारतांत या समाजाचीं कांहीं हजार माणसेंच उरलीं आहेत. अशा वेळीं ‘बिरड्याचा रोजा’ हे दोन शब्द एखाद्या ताम्रपटाइतके मोलाचे आहेत. त्यांनीं सिद्ध करण्यासाठीं लिहिलें तें जुनें झालें. सांगण्यासाठीं लिहिलें तें राहिलें. नव्यानें कुलवृत्तांत लिहूं इच्छिणारांनीं यांतून दोन गोष्टी घ्याव्या. ऐकलेलें, तर्कानें बसविलेलें आणि कागदांत पाहिलेलें हीं तीन निरनिराळीं लिहावीं. आणि प्रत्येक पिढींत निदान आईच्या आईचें नांव विचारून घ्यावें.

हें लिहितांना मीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत कपाटांतून काढला. माझ्या वडिलांकडच्या अकरा पिढ्या त्यांत आहेत. माझी आई एका ओळींत आहे. तिची धाकटी बहीण अद्याप हयात आहे. तिच्याकडे जाऊन मीं विचारलें, तेव्हां तिनें आपल्या आईचें, आजीचें आणि पणजीचें नांव सांगितलें. पणजी लहानपणीं खालच्या कोंकणांतून बोटीनें आली एवढें तिला ऐकून ठाऊक होतें. त्यापुढें तिला कांहीं सांगतां येईना. ‘इतकीं वर्षें तुम्ही कोणी विचारलें नाहींत रे,’ ती म्हणाली. तीं तीन नांवें आणि ती बोट मीं ग्रंथाच्या अखेरच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलीं आहेत.